हायड्रोजनला आलेलं पाणी

मी एकोणीस वर्षं ज्या खोलीत काम केलं, तिथं आता परीक्षेच्या कोऱ्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवतात. मागच्या खेपेला कलबुर्गीला गेलो तेव्हा मुद्दाम आळंद रस्त्याला उतरून संस्थेत शिरलो, तर वॉचमननं कुणाकडं काम आहे म्हणून विचारलं. काय सांगणार? कुणाकडंच नव्हतं. दारावरची पाटी मात्र अजून तशीच आहे. 'अतिदाब धातु प्रयोगशाळा' असं तिच्यावर कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत लिहिलंय. त्या पाटीनं सुरुवातीला आम्हाला फार हसवलं होतं.

पाटी लागून महिनाही झाला नसेल. आळंदकडचा एक म्हातारा तूर घालायला बाजारात आला होता, तो तसाच जावयाला घेऊन आमच्या दारात आला. जावई बाहेर लिंबाखाली मान खाली घालून उभा. म्हातारा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "डाक्टर, जावयाला धातूचा तरास हाय. लगीन होऊन चार वर्सं झाली." आमच्या भागात रस्त्याकडेच्या निम्म्या भिंतींवर धातुरोगाच्या खात्रीशीर इलाजाच्या जाहिराती रंगवलेल्या असतात, त्याचा तरी काय दोष? मी सांगितलं, "अप्पा, ह्यो तसला धातू न्हाई. हितं लोखंड-तांब्यासारखा धातू करायलाव आमी."

"कशापासून करायलाव?"

"वायूपासून. गॅसपासून."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि जावयाला हाक मारली, "चला हो पाव्हणं. ह्यांनाच दवा पायजे."

आता म्हाताऱ्याला जे नीट सांगता आलं नाही ते तुम्हाला सांगतो. हायड्रोजन हा सगळ्यात हलका वायू. तो अतोनात दाबला की घट्ट होतो, काचेसारखा पारदर्शक. आणखी दाबला की काळा पडतो. आणि त्याहूनही दाबला, पृथ्वीच्या मध्यावर जेवढा दाब आहे त्याच्याही पुढं नेला, तर तो धातू होतो असं पुस्तकं म्हणतात. त्याच्या प्रत्येक अणूजवळ एकुलता एक इलेक्ट्रॉन असतो. अणू फार जवळ आले की कुठला इलेक्ट्रॉन कुणाचा हे राहत नाही, सगळे मोकाट फिरू लागतात. धातूपणा म्हणतात तो हाच.

हे कशासाठी करायचं? तर असा धातू आपल्या नेहमीच्या उन्हातसुद्धा वीज जराही न गमावता वाहून नेईल असं गणित आहे. रॉकेटला त्याच्याइतकं जोरदार इंधन दुसरं मिळणार नाही असंही गणित आहे. आणि काहींचं गणित असं की एकदा धातू झाला की दाब काढला तरी तो तसाच राहील. हिरा नाही का, जमिनीच्या पोटात तयार होतो आणि वर आला म्हणून त्याचा कोळसा होत नाही. दुसरे म्हणतात, छे, दाब काढला की फुस्स, पुन्हा वायू. तिसरे म्हणतात, राहील की जाईल हे नंतर बघू, आधी तो एकदा तरी झालाय का ते दाखवा. या तिसऱ्यांना आजपर्यंत कुणी गप्प करू शकलेलं नाही. एक पुढारी आमच्याकडं येऊन गेले होते. सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "दिवसाला किती किलो निघतंय?" आमचे सर म्हणाले, तिळाचे हजार तुकडे केले तर त्यातल्या एका तुकड्याहून कमी, आणि तेही अजून निघालेलं नाही. पुढाऱ्यांनी चहा अर्धाच घेतला.

सर म्हणजे राघवन सर, प्रयोगशाळेचे प्रमुख. माणूस तामिळनाडूचा, बरीच वर्षं परदेशात काढलेला. कन्नड कामापुरतं आणि हिंदी त्याहून कमी. मराठीचा तर गंधच नाही. मी मूळचा हुलसूरकडचा. आमच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती, वडिलांनी ती मोडून शेती धरली, आणि मी शेतीला कंटाळून विशीत बीदरला बिदरी कामाच्या कारखान्यात गेलो. तिथं मी चांदीची तार बसवायला आणि भांडी घासायला शिकलो. सरांनी मला तिथंच पाहिलं. ते एक डबी विकत घ्यायला आले होते आणि मी भिंगाखाली केसाएवढी तार बसवत होतो. अर्धा तास ते माझ्या हाताकडंच बघत उभे राहिले. डबी घ्यायची विसरले आणि मला घेऊन गेले.

बिदरीचं काम असं असतं. भांडं जस्ताचं, त्यात थोडं तांबं. त्यावर नक्षी कोरून चांदी ठोकून बसवायची. शेवटी जुन्या किल्ल्यातली माती आणि नवसागर कालवून ते भांडं त्यानं चोळायचं. चोळता चोळता जस्त काळंभोर होतं, चांदी पांढरीच राहते, आणि एका क्षणी सगळ्या भांड्याला तेज चढतं. त्या तेजाला कारखान्यात 'पाणी' म्हणत. मोत्याचं पाणी म्हणतो तसंच. "पानी आया क्या?" असं उस्ताद दिवसातून वीस वेळा विचारायचे, आणि आलं की सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असं ओरडायचं ही तिथली रीत. कारण त्या क्षणी हात थांबवला नाही तर चांदीवर डाग चढतो. उस्ताद मला सारखं सांगायचे, "पानी किनारे से आता रे. बीच में क्या देखता? किनारा देख." भांड्याची कड उंच असते, हात तिथं आधी लागतो, म्हणून तेज कडेनंच चढतं. अकरा वर्षं मी कडा बघितल्या.

प्रयोगशाळेतलं माझं काम वरवर पाहता त्याहून वेगळं नव्हतं. मुठीत मावेल असं एक पोलादी यंत्र, त्याला आम्ही डबीच म्हणायचो. तिच्यात दोन हिरे टोकाला टोक लावून समोरासमोर बसवायचे. टोकं घासून सपाट केलेली, रुंदीला केसाहून कमी. दोन्ही टोकं एकमेकांना अगदी समांतर हवीत. तिरपी असली तर सूक्ष्मदर्शकातून मधे रंगीत पट्टे दिसतात. एकेक स्क्रू तिळतिळ फिरवून ते पट्टे घालवायचे, यात माझा अख्खा दिवस जायचा. दोन हिऱ्यांच्या मधे रेनियम नावाच्या कठीण धातूचा पातळ पत्रा, त्याला विजेच्या ठिणगीनं पाडलेलं छिद्र, आणि त्या छिद्रात कोंडलेला हायड्रोजन. मग दाबायचं. एवढंच. ऐकायला सोपं आहे. मी एकोणीस वर्षांत किती हिरे फुटताना ऐकले याचा हिशोब ठेवला नाही. फुटताना आवाज फार बारीक येतो, नखानं काडी मोडावी तसा.

हायड्रोजन इतका सूक्ष्म की तो हिऱ्यातसुद्धा शिरतो आणि त्याला ठिसूळ करतो. म्हणून हिऱ्यांच्या टोकांवर अ‍ॅल्युमिनाचा अतिशय पातळ थर चढवायचा. त्या थराचं पुढं काय झालं ते येईलच.

शिवलीला आमच्याकडं संशोधनाला आली तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांची असेल. आळंदची पोर. घरात कन्नड, गल्लीत मराठी, दोन्ही सारख्याच सफाईनं बोलायची. मला मामा म्हणायची, मी तिला अक्का म्हणायचो. वयानं ती माझ्या मुलीएवढी, पण हिऱ्यापुढं बसली की मला तिच्यापुढं बसल्यासारखं वाटायचं. तिच्या प्रबंधाचा विषयच हा होता: हायड्रोजन काळा पडल्यानंतर पुढं काय होतं. काळा पडेपर्यंतचं सगळं आधीच जगानं छापून टाकलेलं. त्यापुढचं काही दाखवलं तरच तिला डॉक्टरेट मिळणार होती. सात वर्षं झाली. मुदत दोनदा वाढवून मिळाली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. घरच्यांनी आधी विचारणं आणि मग बोलणं कमी केलं होतं. सर त्याच वर्षी निवृत्त व्हायचे होते आणि ते गेल्यावर ही खोली चालू राहणार नाही हे शिपायालासुद्धा माहीत होतं. चांगल्या हिऱ्यांची एकच जोडी उरली होती.

एक दिवस डबा खाताना मी तिला म्हणालो, "अक्का, न्हाई जमलं तर काय करशीला?"

"शिकवीन कुठं तर. लोकं शिकवतेतच की." मग डब्याचं झाकण लावत म्हणाली, "पर मामा, एकदा बघायचंय मला. एकदाच. बाकी कुणी मानू नगो, मी बघितलं म्हणजे झालं."

हे तिनं म्हटलं नसतं तर बरं झालं असतं असं मला पुष्कळदा वाटतं.

आता पाण्याची गोष्ट. खरंखुरं, प्यायचं पाणी. आमची डबी द्रवरूप नायट्रोजननं गार केलेल्या एका मोठ्या नळकांड्यात ठेवलेली असायची, थंडीत हायड्रोजन शांत राहतो म्हणून. नळकांड्याला कुठं बारीकशी फट पडली की बाहेरची दमट हवा आत शिरायची, डबीवर पाणी धरायचं, त्याचा बर्फ व्हायचा आणि डबी आवळली जाऊन हिरे फुटायचे. एका पावसाळ्यात आमचे दोन जोड असे गेले. तेव्हापासून सरांनी नियम घातला. सूक्ष्मदर्शकाशी बसलेल्यानं पाण्याचं नुसतं धुकं जरी बघितलं तरी मोठ्यानं ओरडायचं, 'पानी'. बाहेर दाबाच्या चाव्यांपाशी बसलेल्यानं काही न विचारता लाल मूठ फिरवून दाब सोडायचा. वेळेवर सोडला तर हिरे वाचू शकतात. मी स्वतः दोनदा ओरडलो होतो आणि एकदा हिरे वाचले होते. नियम चांगलाच होता.

शेवटच्या जोडीचा प्रयोग मार्चमध्ये, भर दुपारचा. सकाळपासून थोडा थोडा दाब चढवत होतो. आतल्या काळोख्या खोलीत सूक्ष्मदर्शकाशी मी, बाहेर चाव्यांपाशी सर, मधे काळा पडदा. शिवलीला दोन्हीकडं. दाब मोजायला ती हिऱ्यावर लेसर टाकायची, पण वरच्या टप्प्यात तेही बंद केलं. लेसरच्या नुसत्या उष्णतेनं हिरा फुटू शकतो. तिथून पुढं फक्त डोळा आणि कॅमेरा. सूक्ष्मदर्शकाला एक खटका होता. बाहेर ओढला की प्रकाश डोळ्याला मिळायचा, आत ढकलला की कॅमेऱ्याला. दोघांना एकदम मिळायचा नाही. रीत अशी की प्रत्येक टप्प्याला आधी बघायचं, मग खटका ढकलून फोटो काढायचा.

छिद्रातला ठिपका दोन तासांपूर्वीच काळा पडला होता. नायट्रोजन कमी झाला म्हणून शिवलीला खाली भरून आणायला गेली. जाताना पडद्यातून डोकं आत घालून म्हणाली, "मामा, मी येईपर्यंत काय हू देऊ नगा हं."

मी हसलो. सरांनी आणखी एक टप्पा दाब चढवला.

आणि तेज आलं. काळ्या ठिपक्याला तेज आलं. हिरा तेवढ्या दाबाखाली स्वतःच पिवळसर होतो, त्यामुळं ते किंचित तांबूस दिसत होतं, पण तेजच होतं ते, घासून झालेल्या भांड्याचं असतं तसं. अकरा वर्षं ज्या क्षणाला ओरडायची सवय हाडात मुरली होती, तो क्षण समोर होता. मी खटका ढकलला नाही. मी ओरडलो, "पानी आया! सर, पानी आया!"

दुसऱ्यांदा ओरडताना शब्द माझ्याच कानावर पडला आणि मला कळलं. "नहीं सर, वो पानी नहीं," असं म्हणेपर्यंत बाहेर लाल मूठ फिरली होती. सरांनी नियम पाळला. मग तो बारीक आवाज आला, एकदा आणि लगेच पुन्हा एकदा. दोन्ही हिरे गेले. सूक्ष्मदर्शकात नुसता राखाडी चुरा दिसत होता.

शिवलीला नायट्रोजनचं भांडं घेऊन दारात उभी होती. तिनं विचारलं, "काय झालं?"

सर म्हणाले, "वॉटर."

मी म्हणालो, "पाणी न्हाई अक्का. पाणी." सरांना त्या दोन पाण्यांमधला फरक कळायचं कारण नव्हतं. तिला कळला. ती मराठीच्या गल्लीत वाढलेली होती, मोत्याचं पाणी, हिऱ्याचं पाणी तिनं ऐकलेलं होतं. तिनं भांडं सावकाश खाली ठेवलं आणि माझ्या स्टुलावर बसून, आत काही नाही हे माहीत असून, डोळा लावून बराच वेळ बघत राहिली. त्या वेळी तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मला हवं होतं.

सरांना मी सगळं समजावून सांगितलं. ते रागावले नाहीत. "आय टर्न्ड इट, मारुती," एवढंच म्हणाले. मूठ मी फिरवली, असं. स्वतःचा दोष ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले आणि मला ते ऐकवेना. मग शिवलीलानं सरांना विनंती केली की नोंदवहीत जे दिसलं ते लिहू द्या, प्रबंधाच्या समितीपुढं मांडून बघू. फोटो नाही, मोजमाप नाही, पण बघणारा माणूस आहे. सर तयार झाले. तिच्याकडं दुसरं काही उरलंच नव्हतं.

पंधरा दिवसांनी तीन जणांची समिती बसली. त्यात पुण्याकडचे एक तज्ज्ञ होते, वयस्कर, बोलायला मऊ. त्यांनी मला बसायला सांगितलं, मराठीतच बोलू म्हणाले. मला बरं वाटलं.

"तुम्ही चमक पाहिलीत. हायड्रोजनचीच होती हे कशावरून?"

"छिद्रात दुसरं काही नव्हतं, साहेब."

"हिऱ्यावर अ‍ॅल्युमिनाचा थर होता ना? एवढ्या दाबाखाली तो थरच चमकू लागतो, अशी शंका बरेच जण घेतात. शिवाय तुमचा रेनियमचा पत्रा. दाबानं तो पसरून छिद्रावर आला असेल तर तोही चमकणारच." मग ते जरा पुढं वाकले. "मला एकच सांगा. दाब सगळ्यात जास्त मधोमध असतो. हायड्रोजन धातू झाला तर आधी मधेच होईल. पत्रा पसरला तर कडेनं येईल. तुम्हाला चमक कुठून येताना दिसली? मधून, की कडेनं?"

शिवलीला भिंतीला लागून खुर्चीवर बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. तिचे दोन्ही हात ओढणीत गुंडाळलेले होते.

मी म्हणालो, "कडेनं."

साहेबांनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. पुढं त्यांनी काही विचारलं नाही. निकाल दोन ओळींचा होता, निरीक्षण ग्राह्य धरता येत नाही असा.

बाहेर जिन्यात शिवलीला माझ्याआधी उतरत होती. मधल्या पायरीवर थांबली. म्हणाली, "मामा, खोटं बोला असं म्हणलं न्हवतं मी. कवाच म्हणलं नसतं. पर एवढं खरं कामून बोललाव?"

त्या वेळी माझ्याकडं उत्तर होतं. जे दिसलं ते सांगितलं, असं. ते मी तिला सांगितलंही, आणि वर थोडा ताठाही दाखवला असेन, खरं बोलणाऱ्या माणसाला असतो तसा. ती "व्हय" म्हणाली आणि खाली उतरली. मुदत त्याच महिन्यात संपली.

मला झोप लागेनाशी झाली ती नंतर, सर गावी निघून गेल्यावर. खोली आवरताना मी एक जुनी बिदरी डबी घासायला घेतली, नुसता चाळा म्हणून. घासताना माझ्या लक्षात आलं की मी कडेकडंच बघतोय. मधे काय चाललंय ते मला दिसतच नव्हतं. मी कधी मधे बघायला शिकलोच नव्हतो. त्या दिवशी सूक्ष्मदर्शकात तेज आलं तेव्हा मी ठिपक्याच्या मधे बघत होतो की कडेला? कडेला. नक्कीच कडेला, उस्तादांनी बसवलेल्या जागी. तेज मधून निघून कडेला पोचलं असेल तरी मला ते कडेनं आल्यासारखंच दिसलं असतं. मग मी साहेबांना जे सांगितलं ते खरं होतं, की नुसती माझ्या डोळ्याची सवय होती? ही शंका समितीपुढं मांडली असती तर कदाचित त्यांनी मुदतवाढीचा विचार केला असता, कदाचित नसता. मला ती सुचली तेव्हा विचारायला कुणी उरलं नव्हतं. शिवलीलाला ती चिठ्ठीनं कळवली आणि सरांना पत्र लिहिलं. उत्तरात त्यांनी प्रकृतीची चौकशी केली होती.

पुढं पेपरात वाचलं की परदेशातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेनं हायड्रोजनचा धातू केल्याचं जाहीर केलंय. त्यांच्याकडं फोटो होता. तरीही जगभरातल्या लोकांनी तेच विचारलं: थराची चमक नाही कशावरून, दाब एवढाच होता कशावरून, एकदाच कसा केला. आणि त्यांचाही हिरा पुढं फुटला, नमुना गेला. मी ती बातमी दोनदा वाचली. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर थोडं बरं वाटलं, आणि मग त्या बरं वाटण्याची लाज वाटली. फोटो असता तरी जगानं मानलं नसतंच, असं स्वतःला समजावता येतं. पण समितीला जगानं मानायची गरज नव्हती. त्यांना एक फोटो पुरला असता. खटका एका बोटानं ढकलायचा असतो.

निवृत्त झाल्यापासून मी भालकी, हुलसूर, आळंद या भागातल्या कॉलेजांचे सूक्ष्मदर्शक, तराजू, पंप दुरुस्त करतो. काम कमी असतं, पण हाताला चैन पडते. हुलसूरच्या एका पी. यू. कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, शिवलीला रसायनशास्त्र शिकवते हे मला ठाऊक होतं. तिथलं काम आलं तेव्हा दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा तिचाच फोन आला. "मामा, दोन मायक्रोस्कोप बंद हायेत. येऊन जावा की." मी गेलो.

चष्मा लागलाय तिला. मला बघून हसली, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि प्रयोगशाळा दुसऱ्या वर्गानं भरली म्हणून मला तिच्याच वर्गात मागच्या बाकावर बसून काम करायला सांगितलं. मी सूक्ष्मदर्शक उघडून बसलो. ती मूलद्रव्यांची सारणी शिकवत होती. फळ्यावर डावीकडचा पहिला उभा रकाना लिहून तिनं सांगितलं की लिथियम, सोडियम, पोटॅशियम, हे सगळे धातू.

पुढच्या बाकावरची एक पोरगी उभी राहिली. "मॅडम, सगळ्यांच्या वर हायड्रोजन कामून लिहिलाय? त्यो तर गॅस हाय. धातूंच्या डोक्यावर कसा बसायलाय?"

"बाहेरच्या इलेक्ट्रॉनच्या हिशोबानं बसवलाय."

"म्हंजे कवा तर त्यो धातू बी हू शकतोय का?"

माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. शिवलीला खडू बोटांत फिरवत होती.

"लई दाबलं तर हूईल म्हणतेत," ती म्हणाली.

"कुणी बघितलंय का, मॅडम?"

"एका माणसानं बघितलं हुतं. त्याला विचारलं तर त्यालाच खात्री न्हवती."

पोरीचं समाधान झालं नाही. ती उभीच राहिली. "मग खरं काय मानायचं आमी?"

शिवलीलानं डस्टर उचललं आणि फळा वरपासून पुसायला घेतला.

"बस खाली," ती म्हणाली. "ते परीक्षेला येत न्हाई."